‘द ब्यूटिफुल ट्री’ : प्रवेशाची मोजणी आणि भाषेचा विसर

काचीगुड्याहून दक्षिणेस मुसी नदी ओलांडली की हैदराबादचे जुने शहर लागते. जेम्स टूली यांच्या ‘द ब्यूटिफुल ट्री’ (२००९) या ग्रंथाची सुरुवात तेथूनच होते. सन २००० मध्ये चारमिनारलगतच्या गल्ल्यांत त्यांना अल्प शुल्काच्या अनेक खाजगी शाळा आढळल्या. पुढे चारमिनार, बहादूरपुरा व बंडलागुडा या भागांच्या पाहणीत ९१८ शाळांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ३५ टक्के शासकीय होत्या. एक तृतीयांशाहून अधिक शाळांना मान्यताच नव्हती.

गरीब पालक शिक्षणाबाबत उदासीन असतात, हा समज या ग्रंथाने पुराव्यानिशी खोडून काढला. हे त्याचे मोठेच योगदान होय. मात्र खाजगी शाळेत शिक्षण अधिक चांगले मिळते, हा त्यातील दुसरा दावा तितका भक्कम नाही. कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन यांनी अविभाजित आंध्र प्रदेशातील १८० गावांत सोडतीने मुलांना खाजगी शाळेत प्रवेश देऊन तुलना केली. चार वर्षांनंतर तेलुगू व गणितात फरक आढळला नाही. हिंदीत मात्र ही मुले पुढे होती. खाजगी शाळांचा दर विद्यार्थी खर्च शासकीय शाळांच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. म्हणजे काटकसर सिद्ध झाली, श्रेष्ठत्व नव्हे.

ग्रंथाची खरी उणीव भाषेच्या प्रश्नात आहे. यांतील बहुतेक शाळा स्वतःला इंग्रजी माध्यमाच्या म्हणवतात आणि टूली त्यास पालकांची निवड मानतात. निवड खरी आहे. परंतु घरी उर्दू बोलणारे मूल इंग्रजी धडा न समजता पाठ करत असेल, तर प्रवेशाच्या तक्त्यात ते कसे दिसणार? शिक्षण शक्यतो मातृभाषेतून असावे, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते.

हैदराबादला याची जाण पूर्वीपासून आहे. राज्यकारभाराची भाषा उर्दू असताना केशवराव कोरटकर आदींनी १९०७ मध्ये मराठी मुलांसाठी विवेक वर्धिनी शाळा काढली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून दिले. समजणाऱ्या भाषेत शिकता आले पाहिजे, हाच दोन्हींचा आधार होता.

महाविद्यालयात येणारा विद्यार्थी उर्दूतही नाही आणि इंग्रजीतही नाही, अशा अवस्थेत असेल, तर त्याचे मूळ प्राथमिक वर्गात शोधावे लागेल. शैक्षणिक संस्थांनी पटसंख्येबरोबरच चौथीचे मूल कोणत्या भाषेत समजून वाचते, याचीही नोंद ठेवावी.