‘ओझूचा वारसदार’ : जपानी चित्रपटांच्या एका शिफारशीची चिकित्सा

प्रस्तावना

जागतिक चित्रपटाच्या रसिकांमध्ये एकमेकांना चित्रपट सुचविण्याची प्रथा जुनी आहे. जपानी चित्रपटांच्या बाबतीत तर तिला जणू अभ्यासक्रमाचे रूप आलेले दिसते. नवागताने आरंभ अकिरा कुरोसावा यांच्यापासून करावा, पुढे केंजी मिझोगुची आणि यासुजिरो ओझू यांच्याकडे वळावे, आणि ओझू आवडले तर आजच्या काळातील हिरोकाझू कोरे-एदा पाहावेत, असा हा क्रम सर्वसाधारणपणे सांगितला जातो. ही कृती सदिच्छेची आहे यात शंका नाही. तथापि प्रत्येक शिफारशीत एक समीक्षाविधान गृहीत धरलेले असते. ‘हे आवडले असेल तर ते पाहा’ असे म्हणणारा रसिक दोन कलाकृतींमध्ये नाते असल्याचे सांगत असतो. मात्र ते नाते कोणते, याची छाननी क्वचितच होते.

प्रस्तुत लेखात कोरे-एदा हे ओझूंचे वारसदार आहेत या शिफारशीचा विचार केला आहे. ही शिफारस सर्वस्वी चुकीची नाही. परंतु तिच्यामुळे मिकिओ नारुसे हा महत्त्वाचा दिग्दर्शक नजरेआड होतो आणि कोरे-एदा यांच्या चित्रपटांतील आर्थिक वास्तवाची धार बोथट होते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

शिफारशीतून घडलेली प्रतिमा

जपानबाहेर जपानी चित्रपटाची ओळखच मुळी एका शिफारशीतून झाली. ‘राशोमोन’ (1950) हा चित्रपट 1951 च्या व्हेनिस महोत्सवात पाठविला गेला तो जपानमध्ये इटालियन चित्रपटांचे काम पाहणाऱ्या जुलियाना स्त्रामिजोली यांच्या आग्रहामुळे. निर्मितीसंस्था दाइएई हिला या चित्रपटाविषयी फारसा उत्साह नव्हता आणि तो महोत्सवात गेल्याची खुद्द कुरोसावा यांना कल्पना नव्हती. त्याला महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ‘किनेमा जुंपो’ या प्रतिष्ठित जपानी नियतकालिकाने मात्र 1950 च्या उत्कृष्ट चित्रपटांच्या यादीत त्याला पाचवे स्थान दिले होते. घरची यादी आणि बाहेरची यादी यांतील हे अंतर लक्षणीय आहे.

या यशानंतर परदेशी पाठवावयाच्या चित्रपटांचा एक साचाच तयार झाला. मिझोगुची यांच्या ‘उगेत्सु’ (1953) आणि ‘सान्शो द बेलिफ’ (1954) या चित्रपटांना व्हेनिसमध्ये, तर तेइनोसुके किनुगासा यांच्या ‘गेट ऑफ हेल’ला (1953) 1954 साली कान येथे गौरविण्यात आले. हे सर्व चित्रपट ऐतिहासिक काळातील आहेत. किमोनो, तलवारी आणि जुने वाडे परदेशी प्रेक्षकाला भावतात. समकालीन घरातील जेवण, नोकरी आणि लग्नाची बोलणी त्याला कळणार नाहीत, असा समज रूढ झाला. ओझू हे ‘अतिशय जपानी’ दिग्दर्शक असल्याने ते बाहेर पोहोचणार नाहीत ही समजूत याच काळातील होय. त्यांचा ‘टोकियो स्टोरी’ 1953 चा. लंडनमध्ये त्याला 1958 साली सदरलँड पारितोषिक मिळाले, तरी अमेरिकेत तो 1972 मध्ये प्रदर्शित झाला. त्या वेळी ओझूंच्या निधनाला आठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. डोनाल्ड रिची यांच्यासारख्या अभ्यासकांच्या लेखनाने हे चित्र बदलले. पुढे ‘साइट अँड साउंड’च्या 2012 च्या कौलात जगभरातील दिग्दर्शकांनी ‘टोकियो स्टोरी’ला पहिले स्थान दिले.

भारतातील रसिकव्यवहारही याच वाटेने गेला. 1952 च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातून जपानी चित्रपट येथील प्रेक्षकांसमोर आले. सत्यजित राय यांनी ‘राशोमोन’ ओळीने तीन दिवस पाहिल्याचे लिहून ठेवले आहे, आणि जपानी चित्रपटांवरील त्यांचा निबंध ‘अवर फिल्म्स, देअर फिल्म्स’ (1976) या संग्रहात समाविष्ट आहे. मुंबईतील प्रभात चित्र मंडळासारख्या संस्था आणि पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्यामुळे मराठी रसिकाला जागतिक चित्रपटाची गोडी लागली. परंतु चित्रपटसंस्थांना परदेशी चित्रपट मिळत ते प्रामुख्याने दूतावास आणि संग्रहालये यांच्याकडून. साहजिकच जे आधी नावाजले गेले तेच पुन्हा पाहिले गेले, आणि जे पाहिले गेले त्याचीच पुढे शिफारस झाली.

नजरेआड झालेला दिग्दर्शक

मिकिओ नारुसे (1905–1969) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांचा ‘वाइफ! बी लाइक अ रोझ!’ (1935) हा चित्रपट 1937 मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शित झाला होता. अमेरिकेत व्यावसायिकरीत्या दाखविल्या गेलेल्या आरंभीच्या जपानी बोलपटांत त्याची गणना होते. म्हणजे ‘राशोमोन’च्या चौदा वर्षे आधी नारुसे परदेशी पोहोचले होते, पण ती वाट पुढे चालली नाही. 1983 मध्ये लोकार्नो महोत्सवाने त्यांच्या चित्रपटांचे सिंहावलोकन आयोजित केले, तेव्हा कोठे युरोपात त्यांची गांभीर्याने दखल घेतली जाऊ लागली.

मायदेशात त्यांचे स्थान निराळे आहे. ‘फ्लोटिंग क्लाउड्स’ (1955) हा त्या वर्षीच्या ‘किनेमा जुंपो’च्या यादीत पहिला होता. याच नियतकालिकाने 2009 मध्ये सर्वकालीन जपानी चित्रपटांची निवड केली, तेव्हा ‘टोकियो स्टोरी’ आणि ‘सेव्हन समुराई’ यांच्यापाठोपाठ तो तिसरा आला. पहिली दोन नावे जगभरच्या रसिकांना मुखोद्गत आहेत. तिसरे अनेकांना अपरिचित आहे.

नारुसे यांच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेत ओझूंशी होणारी तुलनाही आहे. शोचिकू या कंपनीत दोघेही होते. कंपनीला दोन ओझूंची गरज नाही, असे प्रमुख शिरो किदो यांनी नारुसे यांना सुनावल्याचे सांगितले जाते. नारुसे यांनी 1930 च्या दशकाच्या मध्यास शोचिकू सोडली. विषय सारखा दिसला की दृष्टीही सारखीच असणार, हा ग्रह किती जुना आहे हे या आख्यायिकेवरून दिसते.

पैशाचा हिशेब : तीन चित्रपट

ओझू आणि नारुसे दोघेही सामान्य कुटुंबांचे चित्रण करतात. भेद आहे तो कुटुंब का विस्कटते याच्या आकलनात. ‘टोकियो स्टोरी’तील वृद्ध दांपत्य ओनोमिचीहून मुलांना भेटण्यासाठी टोकियोला येते. मुलगा डॉक्टर आहे, मुलगी केशभूषागृह चालविते. दोघांनाही सवड नाही. आईवडिलांना आतामीच्या उष्ण झऱ्यांच्या ठिकाणी पाठविणे त्यांना सोयीचे आणि स्वस्तही वाटते. येथे पैसा अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. आईच्या अंत्यसंस्कारानंतर लगेच तिची वस्त्रे आठवण म्हणून मागणारी मुलगी प्रेक्षकाला खटकते. तरीही चित्रपटाचा कल मुलांवर आरोप ठेवण्याचा नाही. मुले मोठी होतात, दूर जातात, हा जगरहाटीचा भाग आहे, अशा समजुतीवर तो स्थिरावतो. जमिनीलगतचा, बहुधा निश्चल कॅमेरा आणि प्रसंगांच्या मध्ये येणारी रिकाम्या जागांची दृश्ये या स्वीकाराला आधार देतात.

नारुसे यांच्या ‘व्हेन अ वुमन असेंड्स द स्टेअर्स’मध्ये (1960) असा स्वीकार आढळत नाही. हिदेको ताकामिने यांनी साकारलेली केइको ही गिंझा भागातील मद्यालयात काम करणारी विधवा आहे. तिचे दुःख आकड्यांत मांडता येते. घराचे भाडे, व्यवसायासाठी लागणारे किमती किमोनो, आईकडे पाठवावयाची रक्कम, भावाच्या मुलाच्या शस्त्रक्रियेचा खर्च या सर्वांचा हिशेब चित्रपट मांडत जातो. तिच्या ओळखीची एक व्यावसायिक स्त्री मरण पावते तेव्हा घरात दुखवटा असतानाच सावकारांची माणसे वसुलीसाठी येतात. केइकोला दुकान काढायचे आहे, लग्न करायचे आहे. प्रत्येक मार्ग कोणा पुरुषाच्या पैशापाशी येऊन थांबतो. अखेरीस ती पुन्हा जिना चढते आणि चेहऱ्यावर हास्य आणते. हा शेवट शांत असला तरी समाधानाचा नाही. ‘लेट क्रिसँथेमम्स’ (1954) या चित्रपटात तर एक निवृत्त गेशा जुन्या मैत्रिणींनाच व्याजाने पैसे देते. मैत्री आणि कर्ज या दोन गोष्टी तेथे वेगळ्या काढताच येत नाहीत.

आता कोरे-एदा यांच्या ‘शॉपलिफ्टर्स’कडे (2018) वळता येईल. कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळविणाऱ्या या चित्रपटातील कुटुंब रक्ताच्या नात्याचे नाही. ते एकत्र राहते ते मायेमुळे आणि आजीच्या निवृत्तिवेतनामुळेही. ओसामू रोजंदारीवर बांधकामावर जातो. पायाला दुखापत झाल्यावर त्याला भरपाई मिळत नाही. नोबुयो कपडे धुण्याच्या कारखान्यात आहे. दोघींपैकी कोणी नोकरी सोडायची हे त्यांनीच ठरवावे असे मालक सांगतो आणि दोन गरीब स्त्रिया परस्परांसमोर उभ्या ठाकतात. आजी आपल्या दिवंगत पतीच्या दुसऱ्या कुटुंबाकडे जाऊन पैसे घेते. ती मरण पावते तेव्हा तिला घरातच पुरले जाते आणि तिचे वेतन घेणे चालू राहते. या कुटुंबातील जिव्हाळा खरा आहे. पण तो कोणत्या रकमेवर उभा आहे हे चित्रपट एकदाही विसरू देत नाही. ही दृष्टी ‘टोकियो स्टोरी’पेक्षा नारुसे यांच्या चित्रपटांना अधिक जवळची आहे.

शिफारशीचे परिणाम

ओझूंचे नाव सुचणाऱ्या रसिकाकडेही आधार आहेत. ‘स्टिल वॉकिंग’मध्ये (2008) एका मृत मुलाच्या स्मृतिदिनी कुटुंब एकत्र येते, स्वयंपाक, जेवण, पिढ्यांमधील अवघडलेपणा हे सारे ओझूंची आठवण करून देते. परंतु तेथील आई, ज्या तरुणाला वाचविताना आपला मुलगा गेला त्याला, दरवर्षी मुद्दाम घरी बोलावते, कारण त्यालाही यातना व्हाव्यात अशी तिची इच्छा असते. या मायेतील क्रौर्याला ‘ओझूप्रमाणे शांत’ हे विशेषण पुरत नाही. निर्मितीपद्धतीतही अंतर आहे. ओझू अभिनेत्याच्या हालचाली काटेकोरपणे ठरवून देत. दूरचित्रवाणीवरील माहितीपटांतून आलेले कोरे-एदा बालकलाकारांच्या हाती संहिताच देत नाहीत. स्वतः कोरे-एदा यांनी ओझूंशी होणारी तुलना सन्मान म्हणून स्वीकारतानाच, आपण नारुसे आणि ब्रिटिश दिग्दर्शक केन लोच यांच्या अधिक जवळ असल्याचे मुलाखतीत सांगितले आहे.

चुकीच्या नात्याने परिचय झाला की आस्वादही त्या दिशेने वळतो. ओझूंची अपेक्षा ठेवून ‘शॉपलिफ्टर्स’ पाहणाऱ्यास त्यात हळुवार कुटुंबकथा दिसते आणि श्रमाची असुरक्षितता, निवृत्तिवेतनावर तगलेले घर, बालकांची हेळसांड या गोष्टी पार्श्वभूमीला जातात. मायदेशात या चित्रपटाला राजकीय अर्थ प्राप्त झाला होता. पुरस्कारानंतर शासनाने देऊ केलेला सत्कार कोरे-एदा यांनी सत्तेपासून अंतर राखण्याच्या भूमिकेतून नाकारला. ज्या चित्रपटाभोवती असा वाद झडला त्याची शिफारस केवळ ‘हृदयस्पर्शी’ म्हणून करणे हे त्याचे अर्धेच वाचन ठरते.

निष्कर्ष

रसिकांच्या शिफारशी जपानी चित्रपटाच्या प्रसाराचे प्रभावी साधन ठरल्या आहेत. स्त्रामिजोली यांनी आग्रह धरला नसता तर ‘राशोमोन’ व्हेनिसला गेला नसता. मात्र वारंवार उच्चारली गेलेली शिफारस कालांतराने इतिहासाची जागा घेते, आणि ज्यांची नावे तिच्यात नसतात ते दिग्दर्शक अभ्यासातूनही गळतात. म्हणून शिफारशीबरोबर तिचे कारणही सांगितले जाणे आवश्यक आहे. ओझू आवडलेल्यास ‘स्टिल वॉकिंग’ अवश्य सुचवावा, पण त्यातील आई ओझूंच्या मातांहून कोठे वेगळी आहे तेही सांगावे. ‘शॉपलिफ्टर्स’ पाहून अस्वस्थ झालेल्यास ‘व्हेन अ वुमन असेंड्स द स्टेअर्स’ सुचवावा. दोन्ही चित्रपटांत अठ्ठावन्न वर्षांचे अंतर आहे. जुन्याकडून नव्याकडे नेणारा नेहमीचा क्रम येथे उलटा होतो, आणि नव्या चित्रपटामुळे जुना दिग्दर्शक पुन्हा दृष्टिपथात येतो. केइको आणि नोबुयो यांना शेजारी ठेवून पाहिले की, प्रेमाची किंमत कोणाला आणि किती मोजावी लागते हा प्रश्न जपानी चित्रपटाने 1960 मध्ये जितक्या परखडपणे विचारला तितक्याच परखडपणे 2018 मध्येही विचारल्याचे स्पष्ट होते.