बेड्यांचे स्थलांतर : प्लॉटसच्या ‘कॅप्टिव्ही’तील अभिज्ञान

अज्ञानातून ज्ञानाकडे होणाऱ्या संक्रमणाला ॲरिस्टॉटलने अभिज्ञान म्हटले आहे. सुखात्मिकेत हे अभिज्ञान विस्कटलेली घडी पूर्ववत बसविते. प्लॉटसच्या (इ. स. पू. सुमारे २५४–१८४) ‘मिनेक्मी’ या नाटकात जुळ्या भावांची ओळख पटताच सारा घोटाळा निस्तरतो आणि प्रेक्षक निःशंकपणे हसू शकतो. त्याच्याच ‘कॅप्टिव्ही’त (बंदिवान) मात्र अभिज्ञानानंतरही एक प्रश्न अनुत्तरित राहतो, आणि या नाटकाचे वेगळेपण त्या प्रश्नातच आहे.

ईटोलियातील हेगिओचा मुलगा युद्धात एलिसवासीयांच्या हाती सापडला आहे. त्याच्या मोबदल्यात देता यावेत म्हणून हेगिओ युद्धकैदी विकत घेतो. त्यांत फिलोक्रेटीस हा धनिकपुत्र आणि त्याचा गुलाम टिंडॅरस आहेत. दोघे परस्परांचे नाव आणि भूमिका घेतात. गुलाम समजून हेगिओ फिलोक्रेटीसलाच वाटाघाटीसाठी स्वदेशी पाठवितो, आणि धन्याचे सोंग घेतलेला टिंडॅरस ओलीस राहतो. कपट उघडकीस येताच हेगिओ त्याला बेड्या घालून दगडाच्या खाणीत धाडतो. हा टिंडॅरस वस्तुतः हेगिओचाच दुसरा मुलगा होय. तो चार वर्षांचा असताना स्टॅलॅग्मस या गुलामाने त्याला पळवून एलिसमध्ये विकले होते.

हे रहस्य प्लॉटस राखून ठेवीत नाही. प्रास्ताविकातच ते सांगून टाकतो. त्यामुळे पुढे काय होणार या उत्सुकतेची जागा एका अस्वस्थ जाणिवेने घेतली जाते. हेगिओ एका लबाड गुलामाला शिक्षा करीत असतो; प्रेक्षक मात्र बापाने मुलाला खाणीत लोटलेले पाहत असतो. एकाच कृतीचे हे दुहेरी दर्शन नाटकाला त्याचा गंभीर आशय देते.

या दृष्टीने टिंडॅरसचे आत्मसमर्थन महत्त्वाचे आहे. हेगिओच्या एखाद्या गुलामाने त्याच्या मुलासाठी असेच केले असते, तर हेगिओने त्याचे उपकार मानले नसते काय, असे तो विचारतो. मानले असते, हे हेगिओलाही नाकारता येत नाही. तरीही शिक्षा टळत नाही; टिंडॅरसची निष्ठा दुसऱ्या धन्याशी होती, एवढाच त्याचा अपराध ठरतो. म्हणजे टिंडॅरसची बाजू न्याय्य असल्याचे अभिज्ञानापूर्वीच सिद्ध झालेले आहे. मात्र जे युक्तिवादाने साधत नाही, ते रक्ताच्या नात्याने तत्काळ साधते.

प्लॉटसच्या प्रेक्षकांना हा विषय परका नव्हता. इ. स. पू. २१६ मधील कॅनीच्या पराभवानंतर हॅनिबलच्या ताब्यातील कैद्यांना खंडणी देऊन सोडविण्यास रोमन सिनेटने नकार दिला होता. त्या युद्धात ग्रीसमध्ये विकले गेलेले रोमन नागरिक इ. स. पू. १९४ मध्ये फ्लॅमिनिनसच्या प्रयत्नाने मुक्त होऊन परतले. स्वतंत्र माणूस गुलाम होणे हा निसर्गाचा नव्हे, तर युद्धातील जयापजयाचा परिणाम असू शकतो, हे त्या समाजाने प्रत्यक्ष पाहिले होते.

टिंडॅरसची उदात्तता त्याच्या कुलीन जन्मातून आलेली आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु नाटकातील तपशील या आक्षेपाला फारसा आधार देत नाहीत. टिंडॅरसला आपल्या जन्माची कल्पना नाही. तो समवयस्क फिलोक्रेटीसबरोबर वाढला, आणि त्याची निष्ठा त्या सहवासातून उमललेली दिसते. त्याचे बालपणीचे नाव पेग्निअम, म्हणजे खेळणे, होते. देव माणसांना चेंडूसारखे खेळवितात या प्रास्ताविकातील विचाराशी ते नाव जुळते.

लेसिंगने १७५० मध्ये या नाटकाला रंगभूमीवर आलेले सर्वोत्कृष्ट नाटक म्हटले. नाटकाचे समारोपाचे निवेदनही त्याच्या नीतिमत्तेची ग्वाही देते. तथापि त्या नीतिमत्तेची मर्यादा अखेरच्या प्रसंगात स्पष्ट होते. हेगिओ हळहळतो, पण ती हळहळ मुलासाठी आहे. खाणीत राबणाऱ्या गुलामासाठी नाही. टिंडॅरसच्या बेड्या काढून त्या स्टॅलॅग्मसला घालण्याचे ठरते. स्टॅलॅग्मस अपराधी आहे, यात शंका नाही. पण बेड्या तुटत नाहीत, त्यांचे केवळ स्थलांतर होते. प्लॉटसने गुलामगिरीचा निषेध केला, असे म्हणणे अतिव्याप्त ठरेल. तिचा आधार किती आकस्मिक आहे हे दाखवून, सुखात्मिकेच्या संकेतानुसार त्याने त्यावर पडदा टाकला, एवढेच म्हणता येते.