‘ध्रु.’ कुठे आहे?

चेन्नईच्या डिसेंबरातल्या संगीत हंगामात, मैलापूरच्या एका सभेत, शेजारी बसलेल्या मामींनी मला विचारले, “या अभंगाची पल्लवी कोणती?” गायिकेने ‘सुंदर ते ध्यान’ नुकताच संपवला होता. मी मराठी, त्यातून भाषांतरकार, तेव्हा मला हे ठाऊक असणारच, असा मामींचा हिशेब. मी म्हटले, “पहिलीच ओळ. तिच्यावरच तर त्या परतत होत्या.” मामींचे समाधान झाले. माझे मात्र घरी येऊन गाथा उघडल्यावर गेले.

छापील गाथेत या अभंगाची चार कडवी आहेत आणि त्यांच्यापुढचे क्रमांक असे पडतात: १, ध्रु., २, ३. म्हणजे परतायचे कडवे दुसरे आहे, पहिले नव्हे. गाथेतल्या बहुतेक अभंगांत ही खूण दुसऱ्याच कडव्यावर असते. लहानपणापासून ती डोळ्यांखालून गेलेली. पण तिच्याकडे मी छापखान्याची खूण म्हणूनच पाहत आले. (शाळेच्या पुस्तकांत तर ती ‘धृ.’ अशी छापलेली असे. मूळ शब्द ध्रुवपद, त्यात ऋकाराचा संबंध नाही. पण त्याने कुणाचे अडले नाही.) पूर्वी एका कार्यक्रमपत्रिकेसाठी याच अभंगाचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा मी चारही कडवी एकाखाली एक लावली आणि ‘ध्रु.’ गाळून टाकला. कवितेचे भाषांतर असेच करतात, अशी माझी समजूत होती. गाण्याचे असे करू नये, हे आता मला वाटते, आणि का वाटते ते या अभंगावरूनच सांगता येईल.

पहिल्या कडव्यात विटेवर उभी, कटीवर हात ठेवलेली मूर्ती आहे. दुसऱ्यात गळ्यात तुळशीहार, कासेला पीतांबर, आणि मग एकाएकी वर्णन थांबून ‘आवडे’ हे क्रियापद येते. तिसऱ्यात पुन्हा वर्णन, मकरकुंडले आणि कौस्तुभ. चौथ्यात तुका आपले नाव घेऊन सांगतो की हेच माझे सगळे सुख, मी हे मुख पाहत राहीन. आणि मोठ्या अभंगाचा शेवटचा चार अक्षरांचा चरण येतो तो एकाच शब्दाचा: ‘आवडीने’. गाथेप्रमाणे दुसऱ्या कडव्यावर परतले, तर प्रत्येक दागिना मोजून झाल्यावर कानावर ‘आवडे’ पडते, आणि शेवटचा ‘आवडीने’ हा त्याच शब्दाचा पडसाद होतो. पहिल्या कडव्यावर परतले, तर दर खेपेला आपण मूर्तीसमोर येतो, आवडीपाशी येत नाही. ‘आवडे’ एकदा येऊन जाते आणि ‘आवडीने’ येईपर्यंत कान ते विसरलेला असतो. माझ्या भाषांतरात तर मी या दोन शब्दांना दोन वेगळे इंग्रजी शब्द दिले होते, एकदा ‘डिलाइट’ आणि एकदा ‘लव्ह’. पुनरुक्ती टाळायची म्हणून!

यात गायिकेची चूक नाही. कर्नाटक मैफलीत कृतीचा साचा पल्लवी, अनुपल्लवी, चरणम् असा असतो. आरंभीची ओळ ती पल्लवी, तिच्यामागून येणारी, बहुधा वरच्या षड्जाकडे झेपावणारी ती अनुपल्लवी, चरणम् शेवटी, आणि अनुपल्लवी झाली की पल्लवीवर यायचे, चरणम् झाले की पुन्हा पल्लवीवर. अरुणा साईराम यांनी अभंग या मैफलीत लोकप्रिय केले. आता मैफलीच्या उत्तरार्धात एखाद्या अभंगाची वाट पाहणारे श्रोते इथे आहेत. ते मामींसारखेच पल्लवी शोधत ऐकतात. त्या साच्यात बसवताना दुसरे कडवे आपोआप अनुपल्लवीच्या जागी जाते. जे ध्रुव होते ते अनु होते. आपल्याकडच्या कानांवर रुळलेल्या चालींतही बहुधा पहिलीच ओळ परतते, तेव्हा चेन्नईकडे बोट दाखवायला मी तयार नाही.

शिवाय पल्लवी म्हणजे ध्रुवपद नव्हे. पल्लव म्हणजे पालवी. त्यागराजांच्या कृतींत पल्लवीच्या ओळीला संगती फुटत जातात: तेच शब्द, दर वेळी थोडी अधिक विस्तारलेली चाल. एक नाव अढळपणाचे, दुसरे अंकुरण्याचे. व्युत्पत्तीवर फार मोठी इमारत उभारू नये, कारण याच ‘पल्लवी’ची फोड पदम्, लयम्, विन्यासम् अशीही इथे सांगतात. पण ‘पल्लवी’साठी मराठीत ‘ध्रुवपद’ लिहून मोकळे होता येत नाही, एवढे मला पटले आहे. ‘चरण’ हा तर उघड फसवा मित्र. आपल्याकडे तो कडव्याचा चौथा हिस्सा, इथे गाण्याचा अख्खा खंड.

उलट दिशेने जाताना हेच कोडे मला पडले. मुथ्थुस्वामी दीक्षितरांची (१७७५–१८३५) हंसध्वनीतली ‘वातापि गणपतिम्’ ही कृती मराठीत आणायची होती. संस्कृतच आहे, सोपे जाईल, असे वाटले. नीट पाहिले तर सबंध कृती एका वाक्याची. ‘भजतो’ या अर्थाचे क्रियापद पल्लवीत येऊन जाते; त्यानंतर अनुपल्लवी आणि चरणम् म्हणजे द्वितीया विभक्तीतल्या विशेषणांची रांग. चरणम् संपते तेव्हा ती सगळी कर्मे क्रियापदावाचून लोंबत असतात. गायक पल्लवीवर परततो आणि व्याकरण पुरे होते. परतणे हे इथे वाक्याचेच काम आहे. पल्लवी एकदाच छापली, तर वाक्य तुटते.

अनुपल्लवी ओळखू येते तीही अक्षराने. तेलुगू आणि तमिळ रचनांत यमकाइतकीच, बहुधा अधिकच, मातब्बरी ओळीच्या दुसऱ्या अक्षराच्या जुळणीची. ‘वातापि’मध्ये दुसऱ्या जागी त आहे, अनुपल्लवीच्या पहिल्या शब्दातही दुसऱ्या जागी त येतो, चरणम् सुरू होताच ती जागा र घेतो. कान पहिल्या दोन अक्षरांतच समजतो की खंड बदलला. आपले कान ओळीच्या शेवटाला लागलेले असतात (अभंगात दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या), त्यामुळे ही जुळणी मराठीत आणायचा प्रयत्न मी दोन दिवसांत सोडला.

व्याकरणाचे मात्र जमले. ‘-ला’ लावलेल्या विशेषणांची माळ मराठीत हास्यास्पद होते. पण आपल्याकडे ‘जो… तो’ आहे. चरणम् ‘जो’ने लिहिले आणि पूर्णविराम दिला नाही, की वाचणाऱ्याला ‘त्याला’ची ओढ लागते, आणि ते ‘त्याला’ पल्लवीतच मिळते. इंग्रजीत ही ओढ मला निर्माण करता आलेली नाही.

छंद या प्रदेशांतून सहज प्रवास करतात. मराठी कीर्तनकारांबरोबर साकी, दिंडी, ओवी, अभंग तंजावरला आले, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतरांनी ते तमिळ कथाकालक्षेपात मुरवले, आणि ती नावे इथे आजही कळतात. परतायची जागा तशी सहज येत नाही. ती छंदात नसते; क्रियापद कुठे ठेवले आहे त्यात असते.

आता मी कार्यक्रमपत्रिकेतल्या त्या अभंगाचे भाषांतर बदलले आहे. प्रत्येक कडव्यानंतर दुसऱ्या कडव्याचा उत्तरार्ध पुन्हा लिहिला आणि ‘आवडे’, ‘आवडीने’ दोन्हींना एकच शब्द दिला. आयोजकांची तक्रार आहे की मजकूर पानात मावत नाही. मामींची तक्रार वेगळी होईल: गायिका एका ओळीवर परतेल आणि हातातला कागद दुसऱ्या. घरी मी तो दुसऱ्या कडव्यावर परतून गुणगुणून पाहिला. माझ्या आवाजात याचा निकाल लागणे शक्य नाही. एखाद्या गायिकेने तो एकदा भर सभेत लावून पाहावा.