‘स्मशानातील सोनं’ : नवख्या कामगाराच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने एक पुनर्वाचन

प्रस्तावना

मराठी कथा-कादंबरीत कामगार विपुल आहे; परंतु कामावर जायबंदी झालेला कामगार त्या मानाने थोडा आढळतो. संप, बेकारी, चाळीतील दाटी, मालक व मजूर यांचा संघर्ष या विषयांची चर्चा समीक्षेने पुष्कळ केली. नव्याने कामाला लागलेल्या तरुणाच्या शरीराचे काय होते, त्याला धोक्याची जाणीव कोण करून देतो आणि अवयव गमावल्यावर त्याची जबाबदारी कोणावर राहते, हे प्रश्न मात्र समीक्षेच्या कक्षेत क्वचितच आले. अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या सुपरिचित कथेचे या अंगाने वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कथेचे प्रचलित वाचन

वारणाकाठचा भीमा हा धिप्पाड तरुण पोटासाठी मुंबईला येतो. शहरात काम मिळत नाही, म्हणून तो उपनगराकडे वळतो आणि तेथे दगडाच्या खाणीवर त्याला काम मिळते. काही महिन्यांतच खाण बंद पडते. बायको व लहान मुलगी यांना जगवायचे कसे, या विवंचनेत असताना स्मशानातील राखेत त्याला सोने सापडते आणि तो प्रेतांच्या राखेतून, पुढे पुरलेल्या प्रेतांवरून सोने मिळवू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो प्रेताच्या तोंडातील सोने काढतो. त्यात त्याची बोटे जबड्यात अडकतात. अखेर दोन बोटे कापावी लागतात आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

या कथेकडे सामान्यतः दोन दृष्टींनी पाहिले जाते. एक, भुकेपुढे पाप-पुण्याच्या कल्पना कशा गळून पडतात याचे दर्शन. दुसरी, भयानक व बीभत्स रसांचा परिणामकारक आविष्कार. दोन्ही वाचने योग्य आहेत, पण दोन्हींत शेवटाकडे दुर्लक्ष होते. पहिल्या वाचनात बोटे जाणे हे प्रेतविटंबनेचे प्रायश्चित्त वाटू लागते, तर दुसऱ्यात तो केवळ कथेचा कळस ठरतो. शेवटी भीमा भुताच्या भीतीने रडत नाही, पापाच्या जाणिवेनेही रडत नाही. खाण सुरू झाली आणि आपला हात कामाचा राहिला नाही, म्हणून तो रडतो. लेखकाने दिलेला हा शेवट गांभीर्याने घेतला, तर ही कथा मूलतः एका अपघाताची कथा ठरते.

अपघाताची रचना

हा अपघात कसा घडतो हे पाहणे उद्बोधक आहे. भीमा पहारेने प्रेताचा जबडा उचकटतो, बोटे आत घालतो, पहार निघते आणि जबडा मिटतो. यातील पहार हे खाणकामगाराच्या हातचे अवजार आहे. दगड फोडण्याची ताकद भीमाजवळ आहे; परंतु ज्या कामात तो शिरला आहे त्याची रीत त्याला कोणी शिकवलेली नाही. रात्र आहे, घाई आहे, पकडले जाण्याची भीती आहे आणि सोबतीला कोणी नाही. जबडा टेकू देऊन उघडा ठेवावा आणि मगच हात आत घालावा, एवढी साधी सूचना देणारा एक माणूस जवळ असता तर बोटे वाचली असती. प्रेताच्या जागी आच्छादन नसलेले यंत्र कल्पिले, तर हा प्रसंग कोणत्याही कारखान्यातील अपघाताच्या अहवालात शोभावा असा आहे. अननुभव, घाई, एकटेपणा आणि देखरेखीचा अभाव ही नवख्या कामगाराच्या अपघाताची कारणे येथे एकत्र आली आहेत.

कायद्याने हे सूत्र पूर्वीच ओळखले होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २३ नुसार धोकादायक यंत्राबाबत पूर्ण माहिती दिल्याखेरीज, आणि पुरेसे प्रशिक्षण किंवा अनुभवी व्यक्तीची देखरेख असल्याखेरीज, अठरा वर्षांखालील व्यक्तीस त्या यंत्रावर काम देण्यास मनाई होती. भीमा वयाने त्या व्याख्येत बसत नाही. त्याचे कामही कारखान्यातील नाही. तथापि नवख्याला धोका सांगण्याचे कर्तव्य काम देणाऱ्याचे आहे, हे त्या कलमामागील तत्त्व कथेतील पोकळी नेमकी दाखवते. भीमाला स्मशानात कोणीच कामाला ठेवलेले नाही. म्हणून त्याला धोका सांगणाराही कोणी नाही.

भरपाईचा प्रश्न

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत एका हाताची दोन बोटे जाणे म्हणजे उत्पन्नक्षमतेत २० टक्के घट, असे गणित होते. भीमाच्या बाबतीत ते दोन प्रकारे अपुरे पडते. पहिले असे की, भरपाईसाठी अपघात नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात घडलेला असावा लागतो. भीमाची बोटे खाणीत गेली नाहीत. ती खाण बंद असल्यामुळे गेली. कारण खाणीत आहे आणि घटना स्मशानात, त्यामुळे ती कोणाच्याच खाती जमा होत नाही. दुसरे असे की, पहार व घण पेलणाऱ्या माणसाला दोन बोटे म्हणजे हाताचा पाचवा हिस्सा नव्हे. पकड गेली की संपूर्ण कामच गेले. शेवटच्या प्रसंगातील भीमाच्या रडण्यात या दोन्ही गोष्टी अंतर्भूत आहेत. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने १९२३ च्या अधिनियमाची जागा घेतली. परंतु भरपाईचा नोकरीशी असलेला हा मूळ संबंध कायम आहे.

१९५८ मध्ये मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनप्रसंगी अण्णा भाऊंनी पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे तर श्रमिकांच्या हातावर उभी असल्याचे प्रतिपादन केले होते. त्या विधानाचा गौरवाने उल्लेख होतो. ‘स्मशानातील सोनं’ ही त्याची दुसरी बाजू आहे : ज्या हातावर सारे उभे आहे, तो हात स्वतः किती असुरक्षित आहे, हे ती दाखवते.

कथेची मर्यादा

कथेच्या या सामर्थ्याबरोबर एक मर्यादाही नोंदवणे आवश्यक वाटते. कथेत स्मशान भयावह आहे, पण खाण जवळजवळ निर्धोक आहे. तेथे डोंगराशी झुंज आहे, शरीराच्या बळाचा अभिमान आहे, मुकादमाची वा ठेकेदाराची मर्जी आहे. दगडाची धूळ नाही, निखळलेली दरड नाही, सुरुंगही नाही. वास्तविक दगडखाणीतील सिलिकायुक्त धूळ फुफ्फुसात साचून सिलिकोसिस होतो. बहुधा अनेक वर्षांनी प्रकट होणारा हा आजार बरा करणारा उपाय नाही. भीमाची बोटे शाबूत राहिली असती आणि तो खाणीवर परतला असता, तरी त्याचे शरीर सुरक्षित राहिले असते असे म्हणता येत नाही. बळकट देहाला अपाय होत नाही, हा भीमाचा समज कथेने स्मशानात मोडला. खाणीपुरता तो तसाच राहू दिला. एका रात्रीत होणारी इजा कथेच्या आटोपशीर घाटात मावते. वीस वर्षांत होणारी इजा मावत नाही. हा लघुकथेच्या रूपाचाही दोष मानावा लागेल.

निष्कर्ष

अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या ‘पॉयझन्ड ब्रेड’ (१९९२) या इंग्रजी संकलनामुळे ही कथा मराठीबाहेरही पोहोचली. ती वाचणाऱ्या आपल्या पदवीच्या वर्गातील अनेक विद्यार्थी पुढे औद्योगिक वसाहतीत, बांधकामावर किंवा घरपोच सेवेत ठेक्याने कामाला लागतात. भीमाप्रमाणे त्यांच्याजवळ तरुण शरीर व निकड असते. माहिती आणि सोबत असेलच असे नाही. अशा वर्गात या कथेचा रस कोणता एवढेच विचारून थांबणे अपुरे आहे. भीमाला कोणी काय सांगायला हवे होते आणि ते सांगणे कोणाचे काम होते, हे प्रश्नही विचारले पाहिजेत. ते कथेवर बाहेरून लादलेले नाहीत. कापलेली बोटे आणि पुन्हा सुरू झालेली खाण एकाच ठिकाणी आणून लेखकानेच ते उभे केले आहेत.