कर्ज न घेतलेला कर्जदार

'कर्ज' आणि 'जप्त' हे दोन्ही शब्द अरबीतले. आमच्या दखनी बोलणाऱ्या घरांत आणि शेजारच्या मराठी घरांत ते सारखेच रुळले. निजामी राजवटीत परभणीचे सरकारी दफ्तर उर्दूत असे, त्यामुळे इथे तर ते कागदावरूनच उंबऱ्यात आले. जप्ती म्हटले की दावणीचे बैल सोडून नेणे, भांडीकुंडी अंगणात मांडणे. मराठी ग्रामीण कथेने हे चित्र इतक्यांदा रंगवले आहे की पुढचे वाक्य वाचकाला आधीच कळते. श्रीमंताच्या दारची जप्ती मात्र आपल्या साहित्याने वर्तमानपत्रांवर सोपवून दिली. तिथे ती आकडा होऊन येते आणि आकड्यापाशीच संपते.

गंगाखेडचेच पाहा. गंगाखेड शुगर अँड एनर्जी या खासगी कारखान्याने शेतकऱ्यांच्या नावावर, त्यांना अंधारात ठेवून, बँकांची कर्जे उचलली, असा आरोप झाला व २०१७ साली गुन्हा नोंदला गेला. डिसेंबर २०२० मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने कारखान्याशी संबंधित सुमारे २५५ कोटींची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. आरोपाचे खरेखोटे न्यायालयाने पाहावे. आमचा आक्षेप बातमीच्या भाषेवर आहे. '२५५ कोटी जप्त' या मथळ्यात ज्याच्यावर ठपका आहे त्याचे काय गेले तेवढे दिसते. ज्याच्या हाती बँकेची नोटीस पडली तो त्यात कुठेच नाही.

कायद्यातही तो अर्धामुर्धाच आहे. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा, लागू झाला २००५ मध्ये. गुन्हा शाबीत झाला की मालमत्ता केंद्र सरकारकडे जाते. ती दावेदाराला परत देण्याची सोय २०१५ च्या दुरुस्तीने झाली खरी, पण दावेदाराचे नुकसान मोजता येण्याजोगे हवे. बँकेचे मोजता येते, तिच्या खातेवहीत पैन् पै लिहिलेली असते. ज्याने रुपया हातात घेतलाच नाही त्याचे कसे मोजणार? पेरणीच्या तोंडावर 'तुमच्या नावावर आधीच बाकी आहे' एवढे ऐकून माणूस बँकेतून परतला आणि सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसला, तर ते व्याज कोणत्या रकान्यात धरायचे?

तात्पुरत्या जप्तीत स्थावर मालमत्तेचा वापर हा कायदा बंद करत नाही, हे बरेच म्हणायचे. उभा ऊस तारखांची वाट पाहत नाही. गाळप थांबले तर तोडणीची टोळी, बैलगाडीवाला, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आपला मिस्त्रीभाई, सगळ्यांची चूल अडते. २०१९ मध्ये कारखान्याचे प्रवर्तक रत्नाकर गुट्टे तुरुंगात असताना गंगाखेडमधून आमदार झाले. मतदारांना अडाणी ठरवणे तेव्हा फार सोपे होते. कारणे अनेक असतील, पण ज्या दारात फसवणुकीची तक्रार त्याच दारात रोजीही, हा पेच कुणा टीकाकाराने उलगडून पाहिला, असे आम्हाला आढळले नाही.

परभणीच्या आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणजे इथल्या गावाकडे बारकाईने पाहणारी नजर इथे आहेच. उणीव आमच्याकडेही आहे. १९९० च्या सोलापूर संमेलनापासून आम्ही मुस्लिम मराठी लेखकांनी ओळखीबद्दल, दंगलींबद्दल, घरातल्या बाईच्या हक्कांबद्दल लिहिले. पैशाबद्दल फार थोडे, आणि तेही गरिबीचे उसासे टाकत. बँक, दलाल, कोऱ्या कागदावरची सही किंवा अंगठा, साखर कारखान्याची पावती या गोष्टी आमच्या कथेत पात्रांसारख्या वावरत नाहीत. ज्याने कर्ज घेतलेच नाही असा कर्जदार तर अजून कुणाच्याच कथेत आम्ही वाचलेला नाही.