बाहुकाचे घोडे, नळाचे फांसे

नाशिक रोडला ज्या रस्त्यास लोक ‘जेल रोड’ म्हणतात, त्याच रस्त्यावर चलनी नोटांचा सरकारी छापखाना आहे. मध्यवर्ती कारागृह आणि १९२८ सालापासून नोटा छापीत आलेला हा कारखाना एकाच वस्तींत असावेत हा केवळ योगायोग होय. परंतु शिक्षा भोगून फाटकाबाहेर पडणाऱ्या मनुष्याच्या मनांत त्या दिवशीं जे दोन विचार उभे राहत असतील, ते या रस्त्यानें जणूं शेजारीं शेजारीं मांडून ठेविले आहेत. मागें भिंत आहे आणि पुढें पैसा आहे. मधल्या वाटेनें कसें जावें हें मात्र कोणी सांगत नाहीं.

या मनुष्याविषयीं अलीकडे एक नवी कथा ऐकूं येते. तो सुटून येतो; कोणी काम देत नाहीं, नातलग उंबऱ्याबाहेर उभें करतात. मग त्याच्या हातीं एक मोबाइल येतो. त्यावर तो पोकर नांवाचा पत्त्यांचा खेळ शिकतो, रात्री जागवून त्याचें गणित आत्मसात करतो, आणि दोनतीन वर्षांत कर्ज फेडून, घर घेऊन, ज्यांनीं तोंड फिरविलें त्यांच्यापुढें ताठ मानेनें उभा राहतो. परदेशांतून आलेल्या या कथेला आपल्याकडेहि श्रोते मिळाले.

भारतापुरता कायद्याचा प्रश्न संसदेनें सोडविला आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्यें संमत झाला व त्या महिन्याच्या २२ तारखेस त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. खेळ कौशल्याचा कीं दैवाचा, हा न्यायालयांतून अनेक दशकें चाललेला वाद या कायद्यानें बाजूस सारला. पैसा लावला कीं मनाई, मग खेळ कोणताहि असो. परंतु कायदा खेळ थांबवूं शकतो, कथा थांबवूं शकत नाहीं. कथेची परीक्षा टीकाकारानेंच करावयाची असते, आणि ती न्यायानें करावयाची तर प्रथम तिची बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे.

या कथेचें खरें आकर्षण पैशांत नाहीं. सुटून आलेल्या मनुष्यास कारखानदार चारित्र्याचा दाखला मागतो, घरमालक ओळख मागतो, शेजारी खुलासा मागतात. पत्त्यांच्या त्या अदृश्य मेजावर बसलेले खेळाडू यांपैकीं कांहींच मागत नाहींत. तेथें तो कैदी नसतो. पत्ते धरलेला एक हात असतो, आणि तो हात चांगला खेळला तर जिंकतो. ज्याला चार वर्षें नंबरानें हाक मारली गेली, त्याला निनांवी राहूनहि समान वागणूक मिळणें ही केवढी मोठी गोष्ट वाटत असेल याची कल्पना सुखवस्तु वाचकास सहजीं येणार नाहीं. ही भूक खरी आहे. कथा लोकप्रिय होते ती या भुकेमुळें, आणि म्हणूनच तिला केवळ ‘जुगाऱ्याची बढाई’ म्हणून झटकून टाकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

शिवाय, फांशांनीं गेलेलें फांशांनींच परत मिळविण्याची ही कल्पना आपणांस परकी नाहीं. वनपर्वांतील नलोपाख्यान ही तिची सर्वांत जुनी व सर्वांत सुंदर आवृत्ति. पुष्कराशीं खेळतां खेळतां नळ राज्य हरतो, वनांत जातो, पत्नीस निद्रिस्त टाकून निघून जातो, आणि अखेरीस अक्षविद्या शिकून, त्याच पुष्कराशीं पुन्हां एक डाव खेळून, सर्व परत मिळवितो. आमच्या सामान्य वाचकाच्या स्मरणांत ही कथा अशीच राहिली आहे, आणि अशी राहिली तर ती पोकरच्या कथेस अनुकूल साक्ष देते यांत शंका नाहीं.

परंतु व्यासांची कथा एवढीच नाहीं. राज्य गेल्यापासून दुसऱ्या डावापर्यंतचा काळ नळानें कसा घालविला? कर्कोटकाच्या दंशानें रूप पालटून तो बाहुक झाला, अयोध्येस ऋतुपर्णाच्या पदरीं सारथी म्हणून राहिला, आणि घोड्यांची निगा करून त्यानें वेतन मिळविलें. राजानें त्याचें कुल विचारलें नाहीं, काम पाहिलें. पुढें विदर्भाच्या वाटेवर बेहड्याच्या झाडाखालीं ऋतुपर्णानें पानेंफळें क्षणांत मोजून दाखविलीं आणि आपली अक्षविद्या बाहुकास दिली. ती फुकट दिली नाहीं, अश्वविद्येच्या मोबदल्यांत दिली. हा तपशील आमच्या मतें सबंध उपाख्यानाची किल्ली आहे. फांशांची विद्या नळास मिळाली ती घोड्यांच्या विद्येच्या किंमतीवर, म्हणजे परक्याच्या तबेल्यांत केलेल्या प्रामाणिक चाकरीच्या किंमतीवर. ती विद्या मिळतांच कलि त्याच्या देहांतून बाहेर पडला. जो मनुष्य पुष्करापुढें दुसऱ्यांदा बसला तो बसण्यापूर्वींच बरा झालेला होता. फांशांनीं त्याला राज्य परत दिलें. नळ परत दिला तो घोड्यांनीं.

आणि एवढ्यावरहि कवि आपणांस निश्चिंत होऊं देत नाहीं. दुसऱ्या डावांत नळ पणास काय लावतो? आपलें सर्व धन आणि त्यासोबत दमयंती! पहिल्या द्यूतांत पुष्करानें तिला पणास लावण्याचें सुचविलें तेव्हां जो क्रोधानें मुका झाला, तोच आतां विद्येच्या भरंवशावर तिला स्वतः पणास लावतो. तो जिंकतो, पुष्कराला क्षमाहि करतो. परंतु वाचकाच्या मनांत एक कांटा राहतोच. जिंकण्याची खात्री असलेला जुगारीसुद्धां दुसऱ्याचें जीवित पटावर मांडतो, हें सत्य व्यासांनीं विजयाच्या क्षणीं सांगून ठेविलें आहे. पोकरच्या कथेंत ही दमयंती कोठें असते? बायकोचे दागिने, बापाची सांठवण, मुलीच्या शाळेची फी या रूपानें ती घरोघर असते. कथाकार तिचें नांव घेत नाहीं इतकेंच.

हें उपाख्यान ज्याला सांगितलें गेलें त्या युधिष्ठिराचें पुढें काय झालें तेंहि पाहावें. बृहदश्वानें त्याला अक्षविद्या दिली. तिचा उपयोग त्यानें विराटाच्या सभेंत कंक या नांवानें अज्ञातवास कंठण्यास केला. राज्य मिळविण्यासाठीं तो पुन्हां पटावर बसला नाहीं. आणि विराटानें रागाच्या भरांत फांसा फेंकून मारला तेव्हां त्या निष्णात खेळाडूच्या नाकांतून रक्त आलें. आश्रयासाठीं जुगार खेळणाऱ्याची प्रतिष्ठा किती, याचें याहून बोलकें चित्र क्वचितच सांपडेल.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’नें, जें देवलांनीं मराठी रंगभूमीवर आणिलें, याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूनें पाहिलें आहे. चारुदत्ताच्या पदरचा संवाहक धन्याचें दारिद्र्य ओढवल्यावर फांशांवर जगूं पाहतो, आणि दहा सुवर्णांच्या देण्यापायीं रस्त्यावर मार खातो. त्याला सोडविते वसंतसेना. ती त्याला दुसऱ्या डावासाठीं भांडवल देत नाहीं, देणें फेडून मोकळा करते. तो भिक्षु होतो आणि पुढें मृतवत् पडलेल्या वसंतसेनेस तोच वांचवितो. मनुष्य फिरतो तो दुसऱ्यानें त्याचें ओझें एकदां उचलल्यामुळें, असा या नाटकाचा स्वच्छ अभिप्राय आहे.

आतां कविकल्पना सोडून प्रत्यक्ष चरित्राकडे वळूं. तुरुंगांतून सुटलेला आणि जुगारानें आयुष्य सांवरूं पाहणारा सर्वांत मोठा लेखक म्हणजे दोस्तोयेव्हस्की. १८४९ मध्यें त्याला पकडलें, वधस्तंभापुढें उभें करून अखेरच्या क्षणीं शिक्षा बदलली, आणि ओम्स्कच्या कारागृहांत चार वर्षें ठेविलें. सुटल्यावर सैन्यांतील सक्तीची चाकरी संपवून १८५९ मध्यें तो राजधानींत परतला. पुढें कर्जानें वेढला असतां जर्मनींतील रूलेटच्या मेजांवर त्यानें पैसा ओतला. डोकें शांत ठेविलें तर जिंकणें निश्चित, अशी त्याची समजूत होती. डोकें शांत राहत नसे आणि १८६५ मध्यें वीसबाडेन येथें तो सर्वस्व घालवून बसला. १८६६ मध्यें एका प्रकाशकाशीं केलेल्या करारामुळें ठराविक दिवसाच्या आंत कादंबरी न दिल्यास नऊ वर्षांचे लेखनाधिकार जाणार होते. तेव्हां आन्ना नांवाच्या तरुण लघुलेखिकेस सांगून त्यानें सव्वीस दिवसांत एक कादंबरी पुरी केली. कादंबरीचें नांव ‘जुगारी’! तीच आन्ना पुढें त्याची पत्नी झाली आणि १८७१ नंतर तो मेजाकडे फिरकला नाहीं. त्याला वर काढलें तें सव्वीस दिवसांच्या मेहनतीनें आणि शेजारीं बसून लिहून घेणाऱ्या एका माणसानें.

यावर कोणी म्हणेल कीं रूलेट हें निव्वळ दैव. पोकर हें गणित. आक्षेप खरा आहे, म्हणून त्याचाच हिशेब करूं. बावन्न पत्त्यांतून हातीं येणाऱ्या दोन पत्त्यांच्या १३२६ जोड्या होतात; त्यांपैकीं दोन एक्के असलेल्या अवघ्या ६, म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदां. हा सर्वोत्तम हात घेऊनहि, समोर कोणतेहि दोन पत्ते असलेला एकच प्रतिस्पर्धी असतां, शंभरांत सुमारें पंधरा वेळां मनुष्य हरतो. तेव्हां कौशल्य दिसूं लागतें तें हजारों डावांनंतर. तोंवर हार सोसण्यास पदरीं पुंजी हवी. आणि जिंकलेल्या प्रत्येक मोठ्या डावांतून मेज चालविणारा आपला वांटा आधीं काढून घेतो, म्हणून सर्व खेळाडू मिळून नेहमीं तोट्यांतच असतात. या खेळांत टिकून राहतो तो ज्याला हरणें परवडतें. सुटून आलेल्या कैद्यापाशीं कौशल्य असूं शकेल, धैर्य तर असतेंच. नसते ती हीच एक गोष्ट. जो खेळ दाखला मागत नाहीं असें आपण म्हटलें, तो भांडवल मागतो, आणि तें नसलेल्यास घरचें भांडवल आणावयास लावतो. शिवाय एकाची जीत म्हणजे दुसऱ्याची हार. मेजाच्या दुसऱ्या टोकास असाच एखादा गांजलेला बाप बसलेला नसेल कशावरून?

कथा म्हणूनहि तिच्यांत येथेंच दोष आहे. तिचा नायक एकटा जिंकतो आणि एकटाच राहतो. अपमानाचें उत्तर त्याला देतां येतें. परंतु ज्यांना दुखविलें त्यांच्याशीं त्याचें नातें जुळत नाहीं. हरलेले शेंकडों जण आपली कथा सांगण्यास येत नाहींत, म्हणून जिंकलेल्या एकाची कथा नियमासारखी भासते. वाङ्मयाचा धर्म हा कीं न आलेल्या साक्षीदारांस बोलवावें. ही कथा त्यांना दाराबाहेर ठेविते.

उलट बाजूचें उदाहरण आपल्याच प्रांतांत आहे. औंध संस्थानांत आटपाडीजवळ मॉरिस फ्रिडमन यांच्या प्रेरणेनें स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. त्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनीं लिहिलेली कथा व्ही. शांताराम यांनीं १९५७ मध्यें ‘दो आंखें बारह हाथ’ या चित्रपटांत मांडली. त्यांतील सहा कैदी भाजी पिकवितात आणि ती बाजारांत वाजवी भावानें विकतात. चित्रपटांत भाबडेपणा आहे, उपदेशहि आहे; पण बाजाराचा तो प्रसंग अचूक आहे. गिऱ्हाईक पुन्हां येतें तेव्हां त्या माणसांस जें मिळतें तें कोणत्याहि मेजावर जिंकतां येत नाहीं.

नाशिकच्या तुरुंगाचें मराठी वाङ्मयावर मोठें ऋण आहे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्यें तेथेंच लिहिली गेली. परंतु आपलें बहुतेक तुरुंगवाङ्मय राजबंद्यांचें आहे. ते सुटले तेव्हां स्वागतास लोक हार घेऊन उभे होते. चोरीमारीसाठीं आंत गेलेल्या साध्या माणसाच्या परतण्याची कथा आपण फारशी लिहिली नाहीं. ती जागा रिकामी राहिली, म्हणून पोकरची कथा तेथें येऊन बसली. आज त्याच कारागृहांत बंदी गणेशमूर्ति घडवितात, पैठणी विणतात. नाशिकच्याच मुक्त विद्यापीठाचा अभ्यास करून बंदिवासांत पदवी घेणारेहि असतात. हे बाहुकाचे घोडे होत. बाहेर आल्यावर त्यांना तबेला मिळतो काय, हा प्रश्न मात्र कारागृहाचा नाहीं, आपला आहे.

गणेशचतुर्थीस आपण त्या हातांची मूर्ति कौतुकानें घरीं आणतों. तेच हात सुटून आल्यावर कामासाठीं दार ठोठावतील तेव्हां आपण ऋतुपर्णासारखें काम पाहणार कीं कुल विचारणार? आपण दार लावून घेतलें तर त्या मनुष्यास दाखला न मागणारें एकच दार उरतें, आणि तें त्याच्या हातांतील मोबाइलमध्यें रात्रभर उघडें असतें. कायद्यानें तें बंद केलें तरी नव्या नांवानें उघडेल. मग तो हरला म्हणून त्याला दोष देण्यापूर्वीं, पहिला डाव आपण त्याच्याशीं कसा खेळलों, हें आठवून पाहावें.