थीमच्या गर्दीतलं बाळ

मराठी घरांतल्या जुन्या अल्बममध्ये एक फोटो हमखास सापडतो. बाळ पालथं पडलेलं, मान उचललेली, कपाळावर ठसठशीत तीट. बाळाने मान धरल्याशिवाय असा फोटो निघत नसे, म्हणून स्टुडिओची वारी चौथ्या-पाचव्या महिन्यात व्हायची. आता फोटोग्राफरची तारीख गरोदरपणातच ठरते आणि फोटो निघतो तो बाळ पंधरा दिवसांचं व्हायच्या आत.

या घाईला कारण आहे. साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत बाळ गाढ झोपतं आणि पोटातल्यासारखं अंग मुडपून घेतं. पण आपल्याकडे नेमके हेच दिवस सोयराचे आणि बारशाच्या तयारीचे. त्यामुळे बाळाला स्टुडिओत नेण्यापेक्षा फोटोग्राफरनेच घरी येणं अधिक सोयीचं आणि बाळंतिणीलाही सुखाचं.

नवजात बाळांच्या फोटोंची ही कला जगभर लोकप्रिय केली फोटोग्राफर अॅन गेडेस यांनी. फुलांत, पानांत निजलेली बाळं दाखवणारं त्यांचं ‘डाऊन इन द गार्डन’ हे पुस्तक 1996 साली आलं आणि तो साचा पुढे सगळीकडे गिरवला गेला. मात्र साच्यामागचं कसब तितकंसं पोहोचलं नाही. हातांवर हनुवटी टेकवलेल्या बाळाची ‘फ्रॉगी पोज’ घ्या. तो एक फोटो नसतोच. एकात साहाय्यकाने डोकं सावरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं. दोन्ही जोडून हात पुसून टाकले जातात. एकाच फोटोत ही पोज साधू पाहणारा माणूस बाळाच्या जिवाशी खेळतो. एकोणिसाव्या शतकात कॅमेऱ्याला वेळ लागायचा, तेव्हा आई कापड पांघरून मागे बसायची आणि बाळाला धरून ठेवायची. आधार देणारा हात तेव्हाही लपलेला होता, पण होता.

सध्याचं सर्वांत जिवंत काम स्टुडिओबाहेर चाललं आहे. आषाढीला विठ्ठल, गोकुळाष्टमीला कृष्ण: जमिनीवर साड्या, फुलं, पानं मांडून मधोमध बाळ, आणि स्टुलावर उभं राहून वरून काढलेला फोटो. घरच्या वस्तूंतून उभी राहणारी ही कल्पकता अस्सल आहे. फक्त हाताला येईल ते तोंडात घालणाऱ्या बाळाजवळ राजमा, मूग किंवा रांगोळी नको. वर धरलेला मोबाइलही पट्ट्याने मनगटाला अडकवलेला हवा.

स्टुडिओ मात्र अजून लाकडी खोकी आणि कानवाल्या लोकरी टोप्यांतच रमलेत. कुंची, आजीची गोधडी, दुपटं यांकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. बोरन्हाणाचं काळं झबलं आणि त्यावरचे हलव्याचे शुभ्र दागिने, असा रंगांचा विरोध कुठल्या आयात टोपीत मिळणार? हलव्याचे काटे टोचू नयेत म्हणून दागिने कपड्यावरच ठेवावेत, इतकंच.

एडिटिंगमध्येही हात आवरायला हवा. पहिल्या आठवड्यातल्या काविळीची पिवळसर झाक सौम्य केली तर हरकत नाही. पण घोट्यावरची सुटणारी साल, कानांवरची लव पुसून प्लास्टिकचं बाळ कशाला करायचं? याच खुणा काही आठवड्यांत नाहीशा होतात. फोटो काढायचा तो त्यांचाच.

जिथे तासाभरात दहा थीमचं पॅकेज विकलं जातं, तिथे असा फोटो जमत नाही. दूध पाजणं, ढेकर, लंगोट बदलणं, पुन्हा झोपवणं यातच दोन-तीन तास जातात. म्हणून अॅडव्हान्स देण्याआधी पालकांनी थीमची यादी बाजूला ठेवून विचारावं: खोली किती उबदार असेल, बाळाला कोण धरेल, आणि ते झोपलंच नाही तर दुसरा दिवस मिळेल का?